रोजकीर्द आणि खतावणी

अंबाजोगाई

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. चंद्राच्या आणि ग्रहांच्या नोंदी एकत्र करायचं, इतकी वर्षं माझ्याकडे असलेलं काम आपल्या हौशी आकाशनिरीक्षकांच्या गटानं तुझ्यावर सोपवलं, हे वाचून फार बरं वाटलं. तू लिहितेस, ‘काका, दुर्बिणीतलं मला कळतं, पण सतरा माणसांचं काय करायचं ते कळत नाही.’ कुणी नांदेडला, कुणी लातूरला, कुणी औंढ्याजवळच्या खेड्यात, कुणी पार परंड्याकडे. एकाकडे आठ इंची डॉब्सोनियन दुर्बीण, दुसऱ्याकडे नुसती द्विनेत्री, म्हणजे बायनॉक्युलर. या सगळ्यांच्या रात्री एका वहीत कशा बसवायच्या, हा तुझा प्रश्न. पत्र जरा लांबेल, सवडीनं वाच.

माझी सगळी नोकरी बँकेत गेली, त्यामुळे हे काम मला हिशेबाच्या शब्दांतच समजत गेलं. व्यवहार झाला त्याच दिवशी, झाला तसा, ज्या क्रमानं झाला त्या क्रमानं लिहायचा, ती रोजकीर्द. तिच्यावरून ज्याचं त्याच्या खात्यात उचलून मांडायचं, ती खतावणी. निरीक्षकाची वही ही रोजकीर्द. तुझ्याकडे आली आहे ती खतावणी: गुरूचं खातं, मंगळाचं खातं, चंद्रपिधानांचं, म्हणजे चंद्राआड तारे झाकले जाण्याचं, खातं. खतावणीत चुकलं तर रोजकीर्द उघडून दुरुस्त करता येतं. रोजकीर्दीतच कुणी हात घातला तर मग दुरुस्त कशावरून करणार? मी एकदा तो हात घातलेला आहे. ती गोष्ट तुला नीट सांगतो, कारण बाकी सगळं तिच्यातूनच आलंय.

२०१०चा मे महिना. परंडा तालुक्यातले एक गुरुजी साडेचार इंची दुर्बिणीतून गुरू बघायचे. गुरू सूर्याच्या तेजातून बाहेर पडून पहाटे पूर्वेला दिसू लागला होता. गुरुजी चार वाजता उठून अंगणात दुर्बीण मांडायचे, मग आंघोळ, मग दिवसाची कामं. त्यांचं चित्र आलं. चौकटीच्या गणिताच्या वहीचं पान, त्यावर पेन्सिलनं काढलेली तबकडी, आणि तबकडीवर पट्टा एकच. गुरूवर दोन ठळक पट्टे असतात हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. मी मनाशी ठरवून टाकलं की उन्हाळ्याची धुळकट हवा, लहान दुर्बीण, गुरुजींना दुसरा पट्टा दिसलेला नाही. पुढे पाठवायची स्वच्छ प्रत तेव्हा मी माझ्या हातानं काढायचो. त्या प्रतीत दक्षिणेकडचा पट्टा मी हलक्या पेन्सिलनं भरून टाकला. वर त्यांना फोन करून म्हणालो, ‘गुरुजी, पट्टे दोन असतात. जरा सावकाश बघत जा.’ पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाले, ‘साहेब, मी तीन पहाटा बघितलंय.’

पट्टा खरोखरच नव्हता. गुरूचा दक्षिण विषुववृत्तीय पट्टा अधूनमधून असा फिका पडतो, वरच्या पांढऱ्या ढगांखाली झाकला जातो. त्या वर्षी गुरू सूर्यामागून बाहेर आला तेव्हा जगभरच्या निरीक्षकांना तो पट्टा गायब झालेला दिसला होता. आपल्या गटात ते टिपणारा माणूस एकच होता, आणि त्याच्या चित्रात मी खोटा पट्टा काढून ते पुढे पाठवलं होतं. पुढच्या रविवारी एसटीनं परंड्याला गेलो. गुरुजींची माफी मागितली, चूक कळवणारं पत्र त्यांच्यासमोर बसून लिहिलं. ते काहीच बोलले नाहीत, चहा दिला. पावसाळाभर त्यांची नोंद आली नाही, आणि ते पावसामुळे की माझ्यामुळे हे मी त्यांना कधी विचारलं नाही. नोव्हेंबरात तो पट्टा पुन्हा उसळून वर यायला लागला. आधी एक उजळ ठिपका, मग त्याच्या बाजूनं पसरत गेलेले काळसर डाग. ते सगळं गुरुजींच्या वहीत रोजच्या रोज आहे.

म्हणून पहिली गोष्ट सांगतो, तीच सगळ्यात मोठी आहे. आलेलं पान आलं तसंच ठेव. आता स्वच्छ प्रतीची गरजच नाही, मोबाइलनं मूळ पानाचा फोटो घे आणि तोच पुढे जाऊ दे. शंका आली तर समासात लिही, तुझ्या नावानं आणि तारखेनं. निरीक्षकाला विचारायचं ते असं विचार: ‘किती वेळ बघितलं, कितीची नेत्रिका (डोळा लावायची भिंग) होती, हवा कशी होती?’ काय दिसायला हवं होतं ते तुझ्या तोंडून त्याला कळता कामा नये.

ग्रुपवर तर हे फारच सांभाळावं लागतं. संध्याकाळी कुणी लिहितो, ‘आज गुरूवरचा लाल डाग काय झकास दिसतोय!’ त्यानंतर आलेल्या सहा नोंदींची मग किंमत उरत नाही. डोळा खोटं बोलतो असं मी म्हणत नाही, पण ऐकलेलं त्याला दिसायला लागतं. १८७७ साली इटलीच्या स्कियापरेल्ली या खगोलशास्त्रज्ञानं मंगळावर रेषा काढल्या, आणि पुढची तीस वर्षं चांगल्या चांगल्या निरीक्षकांनी त्या काढल्या. १९०९ साली अँतोनियादी या निरीक्षकानं फ्रान्समधल्या म्यूदों वेधशाळेच्या ८३ सेंटिमीटरच्या दुर्बिणीतून स्थिर हवेत मंगळ बघितला, तेव्हा त्या रेषांच्या जागी त्याला नुसते विखुरलेले ठिपके आणि डाग दिसले. गटाला एवढा एकच नियम घालून दे: आधी नोंद तुझ्याकडे पोचवायची, मग ग्रुपवर बोलायचं.

असं वेगवेगळं बघण्याचं बळ काय असतं, तेही त्याच २०१० सालानं दाखवलं. ३ जूनला ऑस्ट्रेलियात अँथनी वेस्ली गुरूचं चित्रण करत होते. दोनेक सेकंद गुरूवर एक ठिणगी चमकली आणि विझली. एकट्याच्या कॅमेऱ्यात दिसलेली ठिणगी, लोक म्हणाले असते कॅमेऱ्याचा दोष असेल. पण फिलिपिन्समध्ये क्रिस्टोफर गो यांनी आपलं त्या रात्रीचं चित्रण उघडलं, तर त्याच क्षणी, त्याच जागी तीच ठिणगी. दोघंही हौशी, दोघांत हजारो किलोमीटरचं अंतर, आणि आधी काही बोलणं झालेलं नाही. गुरूवर काहीतरी येऊन आदळलं होतं हे तिथेच पक्कं झालं. पण दोघांच्या घड्याळांचा मेळ बसला नसता तर?

वेळेच्या बाबतीत मात्र तू खट राहा. इथे मऊपणा नको. आपली मंडळी लिहितात, ‘१७ तारखेची रात्र, १२ वाजून ४० मिनिटं.’ म्हणजे १७ उजाडतानाची की १८? अशी नोंद आली की त्याच दिवशी फोन करून विचारून घे. आठ दिवसांनी त्यालाही आठवत नाही. आणि सगळ्या वेळा जागतिक वेळेत, म्हणजे घड्याळातून साडेपाच तास वजा करून मांड. सुरुवातीला लोक कुरकुरतात. त्यांना हे सांग: आपली अख्खी रात्र जागतिक वेळेच्या एकाच तारखेत बसते. संध्याकाळी साडेसहा म्हणजे तिथले दुपारचे एक, आणि पहाटे साडेपाचला तिथली मध्यरात्र. मध्येच तारीख बदलायची भानगडच नाही. युरोपातल्या निरीक्षकांची रात्र मधोमध चिरली जाते, आपण त्यात सुखी आहोत.

साडेपाच तास वजा करायचे राहिले तर काय होतं? गुरू स्वतःभोवती दहा तासांच्या आत फिरतो. लाल डाग तबकडीच्या मध्यरेषेवर कधी आला ती वेळ टिपली की त्यावरून डागाचं रेखावृत्त काढता येतं, एका मिनिटाला साधारण ०.६ अंश. पाच मिनिटं चुकली तर तीन अंश, तेवढं चालून जातं. साडेपाच तास चुकले तर जवळपास २०० अंश. म्हणजे लाल डाग ग्रहाच्या पाठीमागे. या साध्या घड्याळी नोंदींनी केवढं काम केलंय बघ. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तो डाग सुमारे ४०,००० किलोमीटर रुंद होता. १९७९ साली व्हॉयेजर यानाला तो २३,००० किलोमीटरच्या आसपास भरला, २०१४ साली हबल अवकाश दुर्बिणीला १६,५००. व्हॉयेजरच्या आधीचा जो हिशेब आहे, तो बराचसा कुणीतरी थंडीत बसून दोन कडांच्या वेळा लिहिल्या त्याचा आहे.

गुरूचं चित्र काढायला छापील कोरी तबकडी सगळ्यांना वाटून टाक. गुरू गोल नाही, चपटा आहे. विषुववृत्ताचा व्यास १,४२,९८४ किलोमीटर, ध्रुवांमधला १,३३,७०८. वाटीनं वर्तुळ काढून त्यात पट्टे बसवले की सगळे सरकतात.

आता हवेचं. अँतोनियादीनंच पाच पायऱ्यांची मोजपट्टी दिली आहे, एक म्हणजे अगदी निवांत प्रतिमा, पाच म्हणजे चित्र काढायलाच नको. प्रत्येक नोंदीत तो आकडा असलाच पाहिजे. आपल्याकडे त्याबरोबर आणखी एक गोष्ट लिहून घे: दुर्बीण कशावर ठेवली होती. स्लॅबची गच्ची दिवसभर तापते आणि मध्यरात्रीपर्यंत धग सोडत राहते, गुरू नुसता उकळताना दिसतो. जुन्या माळवदावर, अंगणातल्या मातीवर किंवा ज्वारीच्या कडेला तीच दुर्बीण तासाभरात वेगळीच वाटते. लातूरचा एक मुलगा वर्षभर ‘चार, चार, पाच’ लिहीत होता. मी त्याला जेवणाआधी दुर्बीण बाहेर काढून ठेवायला आणि गच्ची सोडून मामाच्या शेतात जायला सांगितलं, तर त्याचे आकडे ‘दोन’वर आले. आरसा थंड व्हायलाही तास-दीड तास लागतोच. दुसऱ्या एखाद्याला त्याच रात्री ‘पाच’ मिळाले असतील तर दोघांपैकी कुणीही खोटं नाही, दोघांच्या पायाखालची जमीन वेगळी आहे.

ढगांचीही नोंद घे. हे कुणी मनावर घेत नाही. २७ जुलै २०१८च्या रात्री या शतकातलं सगळ्यात लांब खग्रास चंद्रग्रहण होतं, खग्रास अवस्था १ तास ४३ मिनिटं, आणि त्याच दिवशी मंगळ प्रतियुतीत, म्हणजे आकाशात सूर्याच्या बरोबर समोर, २४ विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग), चंद्राच्या शेजारी. मी आमच्या गच्चीवर छत्री घेऊन बसलो होतो. त्या रात्री सगळ्या गटातून ‘पूर्ण ढग’ एवढ्याच नोंदी आल्या. त्या सगळ्या मी खात्यात मांडल्या, कारण ‘बघितलं आणि दिसलं नाही’ आणि ‘बघितलंच नाही’ यांत फार मोठा फरक आहे. परभणीचे माझे एक स्नेही रमजानच्या एकोणतिसाव्या रोज्याला दरवर्षी गच्चीवरून चंद्रकोर शोधतात. दिसली तर वेळ लिहितात, नाही दिसली तर ‘क्षितिज स्वच्छ, सात वाजून दहापर्यंत शोधली, दिसली नाही’ असं लिहितात. कोवळ्या चंद्रकोरीच्या अभ्यासात न दिसल्याची अशी एक ओळ दिसल्याच्या ओळीइतकीच मोलाची असते. आपल्या गटात अशी शिस्त त्यांच्याइतकी कुणाला नाही.

नवी माणसं आली की त्यांना एकदम गुरूचे पट्टे दाखवायच्या मागे लागू नकोस. संकष्टीपासून सुरू कर. घरोघरी त्या रात्री चंद्रोदयाची वाट बघणारं कुणीतरी असतंच. मुंबईची वेळ धरून बसलं तर नांदेडला चंद्र कितीतरी आधी वर आलेला असतो. साडेचार रेखांशांचा फरक म्हणजे जवळपास अठरा मिनिटं. प्रत्येकानं आपल्या गच्चीवरून चंद्र पहिल्यांदा दिसला ती वेळ लिहायची आणि पूर्वेला टेकडी आहे की झाडं ते लिहायचं. तीन संकष्ट्यांत माणसाला घड्याळाची आणि प्रामाणिकपणाची सवय लागते.

औंढ्याकडच्या त्या शेतकरी दादांना मात्र जप. थ्री फेज लाईट रात्रीची असली की ते रब्बीला पाणी द्यायला दोन-दोन वाजेपर्यंत जागेच असतात. त्यांच्याकडे फक्त द्विनेत्री आहे, पण पिधानाच्या वेळा त्यांच्यासारख्या कुणाच्या नाहीत. चंद्राच्या अंधाऱ्या कडेमागे तारा जातो तो टचकन जातो, दिवा विझावा तसा. दादा मोटारीच्या खोपटाजवळ उभे राहून एका हातानं द्विनेत्री खांबाला टेकवतात आणि दुसऱ्या हातात स्टॉपवॉच. चंद्र सेकंदाला साधारण एक किलोमीटर सरकतो, म्हणून इथे मिनिट चालत नाही, सेकंदाचा भाग लागतो, आणि जागेचे अक्षांश-रेखांशही नेमके लागतात. तोच तारा छत्रपती संभाजीनगरहून आणि नांदेडहून वेगवेगळ्या वेळी जातो. दोन वेळा जुळल्या नाहीत म्हणून त्यांची सरासरी काढू नकोस, तो फरक हाच तर हिशेब आहे.

मंगळाचं वेगळं. तो स्वतःभोवती २४ तास ३७ मिनिटांत फिरतो. रोज एकाच वेळी बघितलं तर जवळजवळ तोच चेहरा, रोज थोडा मागे राहिलेला. पूर्ण मंगळ समोरून जायला साधारण सव्वा महिना लागतो. तेवढ्यात तिकडे धुळीचं वादळ उठलं तर आपल्याला पत्ता नसतो, अमेरिकेतल्या माणसाला असतो. त्यामुळे आपली खतावणी आपल्यापुरती ठेवून भागत नाही. १८९०पासून चालत आलेली हौशी खगोलनिरीक्षकांची ब्रिटिश संस्था आहे, १९४७ साली वॉल्टर हास यांनी अमेरिकेत सुरू केलेली चंद्र-ग्रह निरीक्षकांची संस्था आहे. दोन्हीकडे हौशी लोकांच्या नोंदी घेतात. आपल्याकडे पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४पासून आहे, त्यांच्या जुन्या मंडळींना कधी भेट. हे वाटून बघणं या भागाला नवीनही नाही. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तेव्हा हैदराबादच्या निजामिया वेधशाळेनं जगभरच्या वेधशाळांनी वाटून घेतलेल्या आकाशाच्या नकाशातला आपला पट्टा, दक्षिण क्रांती (आकाशातला अक्षांश) १७ ते २३ अंशांचा, पूर्ण करून दिला होता.

हिवाळ्यात एकदा सगळ्यांना लोणारला घेऊन जा. आपल्या हद्दीबाहेर आहे, पण जालन्याहून दूर नाही. काठावर उभं राहून एवढंच सांग: हे विवर सुमारे १.८ किलोमीटरचं आहे, आणि ते चंद्रावर असतं तर इथून जेमतेम एक विकला दिसलं असतं, आठ इंची दुर्बिणीत निवांत हवेत कसंबसं. शिवाय हा खडक बेसाल्ट, आणि चंद्रावरचे काळे ‘समुद्र’ म्हणजेही बेसाल्टच. मी पहिल्यांदा तिथे गेलो त्यानंतर चंद्रावरच्या कोपर्निकस विवराचा ९३ किलोमीटरचा व्यास माझ्या डोळ्यांत वेगळाच भरायला लागला.

एक राहिलं. आलेल्या प्रत्येक नोंदीला उत्तर दे. आठवड्याच्या आत, दोन ओळी का होईना, आणि त्या दोन ओळी त्याच नोंदीबद्दलच्या असू देत. ‘छान’ लिहू नकोस. ‘तुमच्या चित्रात उत्तरेचा पट्टा पूर्वेला दुहेरी आहे, लातूरच्या नोंदीतही तसंच आहे’ असं लिही. माणूस थंडीत दोन तास बसलेला असतो, ते कुणी वाचलं हे त्याला कळलं पाहिजे. गटातून माणसं गेली ती कंटाळून कमी गेली, उत्तर न मिळाल्यानं जास्त गेली. माझ्या शेवटच्या वर्षांत आईच्या आजारपणात माझी उत्तरं थांबली, तेव्हा चार जण गेले. तू जमलं तर त्यांना भेट, नावं पेटीतल्या लाल वहीत आहेत.

पुढच्या कामासाठी दोन खुणा आत्ताच करून ठेव. फेब्रुवारी २०२७ मध्ये गुरू आणि मंगळ दोघेही थोड्याच दिवसांच्या अंतरानं प्रतियुतीला येतात, दोघेही सिंह राशीच्या भागात. मंगळ लहान असेल, १४ विकलांच्या आत, पण रात्री कोरड्या आणि लांब. आणि ३१ डिसेंबर २०२८ची रात्र: खग्रास चंद्रग्रहण, मध्य रात्री दहा वाजून वीस मिनिटांच्या सुमारास, चंद्र आपल्या डोक्याकडे. सतरा माणसांना सतरा विवरं वाटून दे. पृथ्वीची सावली टायकोवर कधी आली, प्लेटोवर कधी, अॅरिस्टार्कसवरून कधी उतरली. या वेळांवरून कळतं की आपल्या वातावरणामुळे सावली गणितापेक्षा थोडी मोठी पडते, साधारण दोन टक्के. द्विनेत्रीवाल्यांना चंद्राचा रंग दांजोंच्या शून्य (अगदी काळा) ते चार (उजळ) या मापात लिहायला सांग. मी १० डिसेंबर १९९२च्या पहाटेचं ग्रहण बघितलंय, फिलिपिन्समधला पिनाटुबोचा ज्वालामुखी फुटल्यानंतरचं. चंद्र जागेवर आहे हे माहीत असून तो शोधावा लागत होता. माझ्या वहीत त्या दिवशी शून्य लिहिलेलं आहे, आणि शेजारी प्रश्नचिन्ह, कारण तेव्हा माझाच विश्वास बसला नव्हता. ते प्रश्नचिन्ह मी खोडलेलं नाही.

पत्र्याची पेटी सोमवारी एसटीच्या पार्सलनं पाठवतो, स्टँडवरून तूच उतरवून घे. सगळ्या रोजकीर्दी वर्षवार बांधल्या आहेत, त्यांत डांबराच्या गोळ्या घातल्यात, दर पावसाळ्याआधी बदलायच्या. सगळ्यात वर गुरुजींचं चौकटीच्या वहीचं ते पान आहे, एका पट्ट्याचं. माझी ती दोन पट्ट्यांची प्रत त्यालाच टाचून ठेवली आहे, ती वेगळी करू नकोस. किल्ली या पाकिटात आहे.

आशीर्वादासह,
काका